खोली दहा बाय बाराची, टाक्या तीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत वाढलेल्या माणसाला जागा हवी असली की तो आधी वर बघतो. खोलीची लांबी-रुंदी काही वाढत नाही, पण डोक्यावर तीन-चार फूट मोकळे असतात. त्यातूनच पोटमाळा आला, दारावरची फळी आली, कपाटावरच्या बॅगा आणि बॅगांवरची अंथरुणं आली. अशा घरात कुणाला माशांचा नाद लागला, की तोही तेच करतो. एका टाकीवर दुसरी टाकी, दुसरीवर तिसरी.

एक टाकी पुरत नाही का, असं घरातली माणसं विचारतात. खरं सांगायचं तर नाही पुरत. गप्पी मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, आणि साधारण महिन्या-महिन्याने देतो. पिल्लं झाली की त्यांची आईच त्यांना खायला धावते. म्हणजे पिल्लांना वेगळी टाकी आली. फायटरचे दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, ते एकमेकांना फाडतात. शिवाय बाजारातून आणलेला नवा मासा पंधरा दिवस वेगळा ठेवून मगच जुन्यांत सोडावा, हा शहाणपणा एकदा सगळे मासे मेल्यावर प्रत्येकाला येतो. अशा तीन टाक्या सहज होतात.

ही एकावर एक मांडणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते ती क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत. मासे बघायला शिकवलं चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. ते १९५१ साली सुरू झालं, २०१५ मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडलं आणि करोनाच्या साथीत त्याची दारं बंद झाली. पण तिथल्या टाक्या भिंतीत एका रांगेत बसवलेल्या होत्या. घरी न्यायची पद्धत शिकवली ती मंडईतल्या दुकानांनी. हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल एवढी जागा, आणि त्यात जमिनीपासून छतापर्यंत काचच काच. ते बघून आपण घरी येतो आणि म्हणतो, त्याला जमतं तर मला का जमू नये?

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. तो दुकानदार तळमजल्यावर असतो, त्याच्या टाक्यांखाली धरणी असते. आपण दुसऱ्या मजल्यावर असतो आणि आपल्या टाक्यांखाली लाकडी तुळया असतात, आणि तुळयांखाली शेजारी असतात. टाक्या एकीवर एक ठेवल्याने जागा वाचते. वजन मात्र किलोभरसुद्धा वाचत नाही, उलट ते सगळं एकाच ठिकाणी गोळा होतं.

हिशेब सोपा आहे. एक घनफूट पाणी म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी सर्वांत साधी टाकी घ्या. त्यात छप्पन किलोंच्या आसपास पाणी मावतं. काचेचे नऊ-दहा किलो आणि तळाच्या वाळू-खड्यांचे आठ-दहा किलो धरले, की एक टाकी पंचाहत्तर किलोंच्या घरात जाते. अशा तीन टाक्या आणि लोखंडी स्टँड मिळून अडीचशे किलो. म्हणजे चार धडधाकट माणसं दोन चौरस फुटांत एकमेकांना चिकटून उभी आहेत असं समजा. गणपतीत लालबागच्या खोलीत वीस पाहुणे येतात, हे खरं; पण ते खोलीभर पसरतात आणि रात्री घरी जातात. टाकीतलं पाणी घरी जात नाही. लाकूड थोडा वेळ मोठा भार सोसतं, पण तोच भार वर्षानुवर्षं एका जागी राहिला तर ते हळूहळू वाकतं आणि वाकलेलं राहतं.

राहत्या घराच्या जमिनीवर किती भार धरावा याचं भारतीय मानक आहे. ते दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो, म्हणजे चौरस फुटाला एकोणीस किलोंच्या आसपास आहे. हा आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा. आपला स्टँड आपल्या पायांखाली चौरस फुटाला सव्वाशे किलो टाकतो. त्याने जमीन लगेच कोसळते असं नाही, कारण आजूबाजूची जागा रिकामी असते आणि ती थोडा भार वाटून घेते. पण आपल्या चाळी हे मानक निघण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. गिरगावातल्या अनेक चाळींत लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर लादी असा प्रकार आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. त्या काँक्रीटच्या आहेत, पण शंभर वर्षांत आतली सळई गंजते आणि सिमेंटचे पोपडे निघतात. टेकू लावलेल्या इमारतीत तर टाक्यांचा विचारच करू नये. तीन फुटी टाक्या कुणी एकावर एक लावत असेल, तर त्याने आणखी एक हिशेब करावा. तीन फूट बाय दीड बाय दीडच्या एकाच टाकीत एकशेनव्वद लिटर पाणी मावतं.

मग स्टँड ठेवायचा कुठे? याचं उत्तर आपल्या खोलीत नसतं, खालच्या खोलीत असतं. खाली जाऊन वर बघायचं. तुळया कुठून कुठे गेल्या आहेत ते तिथून दिसतं. तुळईची टोकं ज्या भिंतीत शिरतात, ती भिंत आपली. तिला लागून स्टँड ठेवला तर त्याच्या लांबीखाली एकापेक्षा जास्त तुळया येण्याची शक्यता असते आणि भार टोकाजवळ पडतो, तिथे तुळई कमी वाकते. उलट, तुळया ज्या भिंतीला समांतर जातात तिथे सगळा भार एकाच तुळईवर येतो. खोलीच्या मधोमध ठेवणं सगळ्यांत वाईट. स्टँडच्या चार पायांखाली एक जाड, लांब फळी आडवी घालावी, म्हणजे पाय लादीत रुतत नाहीत आणि भार पसरतो. खालच्या छताला ओल किंवा वाळवी दिसली, तर स्टँडचं नाव काढू नये. या निमित्ताने शेजाऱ्यांना आपण काय करणार आहोत हेही कळतं. ते कळलेलं बरं, हे पुढे सांगतो.

स्टँड लोखंडी अँगलचा, वेल्डिंग केलेला असावा. नटबोल्टचा चालतो, पण मागच्या बाजूला तिरक्या पट्ट्या हव्यातच. त्या नसल्या तर स्टँड उभ्या भाराने मोडत नाही, बाजूला झुकतो. वरचं टोक भिंतीला पक्कं बांधावं, कारण लहान मूल वरचा मासा बघायला पहिल्या फळीवर पाय देणारच. टाकीखाली प्लाय आणि त्यावर थर्माकोल किंवा फोमची पातळ शीट घालावी. प्लायवर एक खडा राहिला तरी काच तिथून तडकते. टाकी समतल आहे का हे बघायला पाणसळ नसली तरी चालते. टाकीत दोन इंच पाणी भरा आणि चारी कोपऱ्यांत पट्टी लावा.

उंचीचा हिशेब लोक चुकतात. खालच्या टाकीत हात घालायला, जाळी फिरवायला वर किमान नऊ-दहा इंच मोकळे हवेत. सर्वांत खालची टाकी जमिनीपासून फूटभर उंच हवी, म्हणजे नळीने पाणी बादलीत उतरतं. एवढं धरलं की तिसऱ्या टाकीचा काठ पावणेसहा-सहा फुटांवर जातो. तिथे स्टुलावर चढून बादली ओतावी लागते. माझं मत विचाराल तर पोटमाळ्याच्या खोलीत दोनच टाक्या ठेवाव्यात. तिसरी लहान, दहा-बारा लिटरची, पिल्लांपुरती. मोठी टाकी खाली, लहान वर, हा क्रम मोडू नये.

आता माझी फजिती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, हे आपल्याला आठवत असेल. बेटावरच्या मुंबईत वीज जाते यावर माझा विश्वासच नव्हता, म्हणून हवेचा पंप मी स्टँडच्या तळाशी ठेवला होता. पंप चालू असतो तोवर नळीतून हवा वर ढकलली जाते. तो बंद पडला की टाकीतलं पाणी नळीत चढतं, आणि नळीचं दुसरं टोक टाकीच्या पाण्यापेक्षा खाली असेल तर ते आपल्याच वजनाने वाहत राहतं. बादली रिकामी करायला आपण जी नळी वापरतो, तिचंच हे तत्त्व. हवेचा दगड तळाशी असेल तर टाकी तळापर्यंत रिकामी होऊ शकते. मी खाली दुधाला गेलो होतो. परत आलो तेव्हा वरच्या टाकीतलं पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं, आणि लादीच्या फटींतून ते खालच्या काकूंच्या उशांवर पोचलं होतं. तुळया बघायला मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

उपाय दोन आहेत. पंप सर्वांत वरच्या टाकीच्याही वर, भिंतीवर खिळ्याला टांगावा. ते जमत नसेल तर प्रत्येक नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो अगदी स्वस्त असतो. मी दोन्ही करतो. विजेच्या वायरीला प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून गळतं, प्लगमध्ये शिरत नाही. बोर्ड स्टँडच्या बाजूला असावा, खाली कधीच नाही.

दुकानात वरच्या टाकीचं पाणी खालच्या टाकीत उतरवून सगळ्यांना मिळून एकच फिल्टर लावलेला दिसतो. घरी ही युक्ती टाळावी. एका माशाला पांढरे ठिपके झाले की तीनही टाक्यांतले मासे आजारी पडतात. तीन टाक्या हव्यात त्याच मुळी मासे वेगळे ठेवायला. जाळीसुद्धा वेगवेगळी ठेवावी.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं तर तीन टाक्यांना मिळून चाळीस लिटर लागतं, म्हणजे तीनेक बादल्या. नळाला क्लोरीन असतं, म्हणून ते पाणी एक दिवस उघडं ठेवावं किंवा त्यात दुकानातलं क्लोरीन घालवणारं औषध टाकावं. पाणी ठरावीक वेळेलाच येणाऱ्या घरात तीन बादल्या माशांना देणं हा मात्र तांत्रिक प्रश्न नाही, घरातला आहे. काढलेलं पाणी तुळशीला घालतो असं सांगितल्यावर आमच्याकडे तो थोडा निवळला.

पावसाळ्याआधी एक करावं. मासे नसलेली टाकी माळ्यावर तळाशी पाणी राहिलेल्या अवस्थेत ठेवू नये. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. ज्या टाकीत गप्पी असतात तिथे ही भीती नाही, कारण डासांच्या अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं. म्हणूनच महापालिका विहिरींत गप्पी सोडते.

माझ्याकडच्या गप्पींची पिल्लं मोठी झाली की आता बरणीत घालून खाली काकूंकडे जातात. त्यांनीही खिडकीपाशी एक टाकी ठेवली आहे. तिच्यावर दुसरी ठेवू या, असं मी एकदा सुचवून पाहिलं. काका म्हणाले, आधी तळमजल्यावरच्यांना विचारून ये.