झिरझिरीत ओढणीआड

शाळेच्या गॅदरिंगला एक तरी ‘अरेबियन’ नाच असतोच. चमचमत्या सलवारी, कपाळावर खोट्या मोत्यांची साखळी आणि नाकाखाली झिरझिरीत ओढणी! इंदापूरला शिकवत असताना असा एक नाच मीच बसवला होता. सातवीच्या पोरी होत्या. त्यातली एक मुस्लिम मुलगी मागच्या रांगेत उभी राहायची. तिला मी पुढे ओढलं आणि अगदी सहज बोलून गेले, ‘‘तू पुढं ये गं, तुमच्याकडचंच आहे ना हे!’’

ती काही बोलली नाही. नाचलीही छान. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मात्र हळूच येऊन म्हणाली, ‘‘बाई, आमच्याकडं असलं नसतं. माझी दादी नऊवारी नेसते.’’

मैत्रिणींनो, मला ते माहीत नव्हतं थोडंच! तिची दादी आमच्या आळीत बांगड्या भरायला यायची. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. डोक्यावर पदर, हातात बांगड्यांची माळ आणि बोलणं आमच्या सासूबाईंपेक्षा अस्सल गावरान. आणि तिच्या नातीला मी एका वाक्यात बगदादला पोचवून मोकळी झाले होते! ते वाक्य मला बरीच वर्षं टोचत राहिलं. हे चित्र माझ्या डोक्यात आलं तरी कुठून?

आलं ते तंबूतून. आमच्या लहानपणी जत्रेत टुरिंग टॉकीज यायचं. बायकांची बाजू वेगळी, बसायला घरून नेलेलं पोतं. होमी वाडियांचा ‘अलिबाबा और चालीस चोर’ खरा १९५४ चा, शकीला आणि महिपालचा. पण तंबूत तो कितीतरी वर्षांनी यायचा, रीळ तुटत तुटत! आम्हा पोरींना त्यातली गुहा आवडायची आणि ते कपडे. अरबस्तानातल्या बायका म्हणजे एकतर राजकन्या, नाहीतर नाचणाऱ्या, हे तिथंच पक्कं झालं. पुढं १९७५ मध्ये ‘शोले’त हेलन नाचली, तेव्हा तर शंकाच उरली नाही.

गंमत अशी की मूळ गोष्टीतली मरजीना ही घरातली सगळ्यांत हुशार बाई. चोरांनी दारावर खूण केली तर तीच खूण ही शेजारच्या सगळ्या दारांवर करून ठेवते. रांजणात लपलेल्या चोरांना उकळत्या तेलानं संपवते. शेवटी नाचते ती सरदाराच्या छातीत खंजीर खुपसण्यासाठी. म्हणजे नाच ही तिची युक्ती! सिनेमावाल्यांनी एकूणात नाच तेवढा उचलला आणि युक्ती तिथंच ठेवली. (जाता जाता सांगते, अल्लाउद्दीनची गोष्ट मुळात चीनमध्ये घडते असं पुस्तकात आहे. पण चिनी अल्लाउद्दीन कोण बघणार?)

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खऱ्या बगदादशी नातं असलेल्या बायका आपल्या सिनेमात होत्याच की! मूकपटांच्या काळात गाजलेली सुलोचना (आपल्या सुलोचनादीदी नव्हेत) म्हणजे रूबी मायर्स, १९०७ मध्ये पुण्यात बगदादी ज्यू घरात जन्मलेली. आधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. सिनेमात आली आणि १९२८ मध्ये अनारकली झाली, १९३५ च्या बोलपटात पुन्हा अनारकली, आणि १९५३ च्या ‘अनारकली’त जोधाबाई! १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. नादिराचा तर जन्मच बगदादचा, १९३२ चा. मेहबूब खाननी १९५२ च्या ‘आन’मध्ये तिला तोऱ्यातली राजपूत राजकन्या केलं. मग १९५५ च्या ‘श्री ४२०’मध्ये सिगारेट ओढणारी माया केली आणि त्यानंतर खलनायिकेचा शिक्का काही पुसला गेला नाही. म्हणजे पाहा, बगदादहून आलेली बाई राजपूत झाली, आणि ‘बगदादच्या’ राजकन्या दुसऱ्याच कुणीतरी केल्या. पडद्यावरच्या अरबी बाईला अरबस्तानाची गरज कधी नव्हतीच.

हॉलिवूडनं तर यात आपल्यापेक्षा मोठा कारखाना काढला. १९२१ च्या ‘द शीक’मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो अरबी शेख होऊन गोऱ्या बाईला पळवतो. ती त्याच्यावर भाळते. आणि शेवटी कळतं काय, तर तो मुळात अरबच नाही, गोऱ्या आईबापांचा! १९६२ चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ साडेतीन तासांहून मोठा आहे. वाळू, उंट, लढाया, सगळं काही आहे. पण एकाही बाईच्या तोंडी एक वाक्य नाही. ह्याच सिनेमानं ओमर शरीफ जगभर पोचला. त्याची तेव्हाची बायको फातेन हमामा ही इजिप्तच्या पडद्याची राणी होती, हे मात्र आपल्याकडे किती जणींना ठाऊक आहे? १९७५ मध्ये तिनं ‘उरीदू हल्लन’ म्हणजे ‘मला मार्ग हवा’ असा सिनेमा केला. नवऱ्यापासून सुटका मागत वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी बाई, आणि शेवटी ती हरते. त्यावर इजिप्तमध्ये खूप चर्चा झाली. तिथले कायदे पुढं १९७९ मध्ये आणि मग २००० मध्ये बदलले. नवऱ्याच्या संमतीशिवाय काडीमोड मागायचा हक्क बाईला मिळाला तो २००० मध्ये.

लेबनानी वंशाचे अमेरिकन प्राध्यापक जॅक शाहीन यांनी नऊशेहून जास्त हॉलिवूडपट तपासून २००१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलेल्या अरब बायका जवळजवळ सगळ्या दोनच ठशांच्या. एक कंबर हलवणारी, दुसरी काळ्या कपड्यातलं मुकं गाठोडं. स्वयंपाक करणारी, नोकरीवर जाणारी, पोराला दटावणारी बाई त्यात शोधून सापडत नाही.

आता उलटं बघा. बारामतीची माझी मावसबहीण मुलाकडे शारजाला सहा महिने राहून आली. शेजारीण इजिप्तची, पेशानं फार्मसिस्ट. बाहेर जाताना डोक्याला रुमाल, घरात मात्र आपल्यासारखाच गाऊन. हिंदी सिनेमे इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून आवडीनं बघतात, अमिताभ तर त्यांच्या घरचाच! तिनं ताईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘‘तुमच्याकडे पाऊस आला की बायका खरंच नाचतात?’’

ताई म्हणाली, ‘‘पाऊस आला की आम्ही वाळवणं उचलायला धावतो!’’

हे ऐकून आम्ही भिगवण चौकातनं हसत आलो. पण विचार करा, त्या बाईनं आपले मराठी सिनेमे पाहिले असते तर? ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ १९७२ चा. दोन्ही मला आवडतात. पण तेवढ्यावरनं कुणी ठरवलं, की बारामती-इंदापूरच्या बायका फडावर उभ्या असतात आणि मास्तरांना बिघडवतात, तर भवानीनगरच्या उसात खुरपणाऱ्या बाईनं काय म्हणायचं? आणि ज्या खरंच फडावर उभ्या राहिल्या, त्यांची तरी पुरती गोष्ट त्यात कुठं आली?

ताईचं पार्लर आहे, म्हणून तिला मी नादीन लबाकीचा ‘कॅरामल’ दाखवला. २००७ चा सिनेमा, बैरूतच्या एका ब्यूटी पार्लरमधला. साखर, लिंबू आणि पाणी आटवून जो पाक होतो, त्यानं तिथं वॅक्सिंग करतात. त्यावरनंच सिनेमाचं नाव. एकीचं लग्न झालेल्या पुरुषात मन अडकलंय, एकीचं लग्न ठरलंय आणि पोटात भीती आहे, एक वय लपवतेय, शेजारची शिंपीण म्हाताऱ्या वेड्या बहिणीपायी स्वतःचं सुख सोडतेय. बंदूक नाही, वाळवंट नाही, उंट तर नाहीच. (चित्रीकरण संपलं आणि काही दिवसांतच, जुलै २००६ मध्ये, लेबनानात युद्ध पेटलं, हे वेगळंच.) ताई मध्येच म्हणाली, ‘‘अगं, ह्या सगळ्या माझ्याकडं येतात!’’

आणि मग ‘वजदा’. तो घेऊन आली तीच माझी सातवीतली विद्यार्थिनी. आता ती बारामतीला नोकरी करते. एका रविवारी लॅपटॉप घेऊन दारात उभी. ‘‘बाई, हा बघा. ह्यात नाच नाही,’’ म्हणाली आणि हसली. म्हणजे तीही विसरली नव्हती तर!

आम्ही तिच्याच घरी बसलो. ती, तिची आई म्हणजे आमच्या भाभी, मी, शेजारच्या काकू आणि कोपऱ्यात दादी, नव्वदीला टेकलेली, अजून नऊवारीतच. २०१२ चा हा सिनेमा हैफा अल मन्सूर या सौदी बाईनं काढलाय. रियाधच्या रस्त्यावर पुरुषांमध्ये उभं राहून काम सांगणं बाईला अवघड, म्हणून काही प्रसंग तिनं गाडीत लपून, वॉकीटॉकीवरनं सांगून घेतले. तेव्हा त्या देशात सिनेमा थिएटरच नव्हती. ती २०१८ मध्ये उघडली, आणि बायकांना गाडी चालवायची परवानगीही त्याच वर्षी मिळाली.

गोष्ट एवढीशी. दहा वर्षांच्या पोरीला हिरवी सायकल हवीय. मुलीनं सायकल चालवायची नसते, असं सगळे म्हणतात. पैशासाठी ती कुराण पठणाच्या स्पर्धेत उतरते. इकडे मुलगा झाला नाही म्हणून तिच्या बापाला दुसरी बायको करायचं घाटतंय. मी इंग्रजी पाट्या वाचून मराठीत सांगत होते, पण ह्या भागाला मला काही सांगावंच लागलं नाही. ‘‘सवत आणत्यात व्हय तिच्यावर?’’ काकू आधीच म्हणाल्या.

घराच्या भिंतीवर बापाच्या घराण्याची वंशावळ आहे. झाडासारखी, फक्त पुरुषांच्या नावांची. पोर एका चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून बापाच्या फांदीला टाचते. पुढं बघते तर कुणीतरी ती काढून टाकलेली! तिथं भाभींनी सिनेमा थांबवायला लावला. काकू म्हणाल्या, ‘‘आमच्या दिवाणखान्यात फ्रेम आहे, अकरा पिढ्यांची. माझं नाव कुठंय त्यात? माझ्या दोन पोरींचं कुठंय?’’ भाभी नुसत्याच हसल्या. त्यांनाही दोघी मुलीच. धाकटीच्या वेळी त्या माहेरी किती महिने राहिल्या होत्या, ते आळीला ठाऊक आहे.

शेवटी आई नवऱ्याला भुलवायला घ्यायचा तो महागडा लाल झगा घेत नाही. त्या पैशांची सायकल आणते. भाभी म्हणाल्या, ‘‘बरं केलं बाईनं.’’ माझी विद्यार्थिनी काही बोलली नाही. कॉलेजला जायला तिला सायकल घेतली, तेव्हा भाभींनी कानातले मोडले होते.

इतका वेळ दादी गप्प होती. तिला ना अरबी कळत, ना इंग्रजी. तिनं विचारलं, ‘‘कुठली गं ही पोरगी?’’

‘‘अरबस्तानातली, दादी.’’

‘‘आन् एवढं रडवलं व्हय तिला एका सायकलीपायी?’’ दादी म्हणाली आणि दिवाबत्तीची वेळ झाली म्हणून भिंतीला धरून उठली.