डोंगरावरच्या घराचा दिवा

महाबळेश्वर म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मे महिना उभा राहतो. वेण्णा तलावातली होडी, हातात स्ट्रॉबेरीचा द्रोण आणि संध्याकाळी अंगावर घेतलेली शाल! जून उजाडला की आपण सारे सामानसुमान बांधून पसरणीचा घाट उतरतो आणि मागे त्या डोंगरावर काय घडते त्याची आपल्याला वार्ताही नसते. पुण्यात सबंध वर्षात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरात तो साडेपाच-सहा हजारांच्या घरात जातो. जुलै २०२१ मध्ये तर अवघ्या २४ तासांत तिथे जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुण्याला वर्षभर पुरणारा पाऊस त्या डोंगराने जवळजवळ एका दिवसात अंगावर घेतला म्हणायचा!

माझ्या मामांचे घर त्याच डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत आहे, त्यामुळे हे दुसरे महाबळेश्वर मला लहानपणापासून ठाऊक. मे महिन्याच्या अखेरीला घराच्या पावसाकडच्या बाजूला गवताच्या झडी बांधायच्या, वाळलेली लाकडे माळ्यावर चढवायची, डाळ-तांदूळ, मीठ-मिरची भरून ठेवायची, अशी पावसाळ्याची बेगमी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. अलीकडे तीत एका नव्या जिनसेची भर पडली आहे. ती म्हणजे वीज!

दिव्याखाली अंधार

वीज जाते यात कुणा एकाचा दोष काढण्यासारखे फारसे नाही. तारा मैलोगणती दाट झाडीतून आणि दऱ्यांवरून गेलेल्या. जोराच्या वाऱ्यात एखादी जांभळाची फांदी तारेवर पडली की पाच-दहा वाड्या अंधारात बुडतात. दुरुस्तीला निघालेल्या माणसांना आधी धुक्यात बिघाड शोधायचा, मग दरड कोसळलेली असली तर वाट शोधायची. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर घाटाखाली रायगड-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे पुष्कळांना आठवत असेल.

गंमत अशी की, कोयना नदी उगम पावते ती याच महाबळेश्वरी. तिचे पाणी पुढे शिवसागर जलाशयात साठते, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांत उतरते आणि तिथल्या जनित्रांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट भरते. १९६२ पासून ही वीज महाराष्ट्राला उजळते आहे. पण जिथून नदी निघाली तिथल्या वाडीत श्रावणातल्या रात्री मेणबत्ती! दिव्याखाली अंधार ही म्हण मी वर्गात अनेकदा शिकवली; तिचा इतका चोख दाखला मला पुस्तकात सापडला नव्हता.

मामांना दम्याचा त्रास. पावसाळ्यातल्या ओलीने तो बळावतो आणि औषधाची वाफ देणारे छोटे यंत्र विजेवर चालते. त्यामुळे जनरेटर घ्यायचा, हे घरात एकमताने ठरले. आमच्या पुस्तकी मराठीत याला ‘जनित्र’ म्हणतात. वाडीत मात्र त्या शब्दाला कुणी ओळखही दाखवली नाही, म्हणून मीही पुढे जनरेटरच म्हणतो.

आधी वही, मग यंत्र

दुकानात जाण्यापूर्वी वहीत हिशेब मांडावा. एलईडीचे चार दिवे मिळून ३६ वॅट. वाफेचे यंत्र शे-सव्वाशे वॅट, तेही दहा मिनिटांपुरते. मोबाईल आणि इंटरनेटचा डबा मिळून २० वॅट. फ्रीज चालताना १५० ते २०० वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या तीन-चारपट मागतो. पंख्याची जुलैतल्या महाबळेश्वरात गरजच नाही. गिझर आणि इस्त्री यांची नावेसुद्धा काढू नयेत. एकटा गिझर २,००० वॅट गिळतो.

घोडे अडले ते विहिरीवरच्या एक अश्वशक्तीच्या पंपापाशी. चालताना १,००० वॅट आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट! एवढ्या एका पंपापायी यंत्र दुपटीने मोठे घ्यावे लागत होते. तेव्हा मामी म्हणाल्या, “अरे, बाहेर आभाळ फाटलंय आणि तू विहिरीतलं पाणी उपसायला यंत्र घेतोस होय? पागोळ्यांखाली पिंप ठेवते की मी!” वापरायच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी असा एका वाक्यात सोडवला. पिण्यापुरते पाणी दोरीने शेंदता येते. पंप यादीतून गेला आणि यंत्राचा आकार निम्म्यावर आला.

आणखी एक गोष्ट डोंगरावर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंच. तिथली हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनालाही चढणीवरच्या माणसासारखी धाप लागते. त्याची शक्ती १० ते १५ टक्क्यांनी घटते. २ केव्हीएचे यंत्र खाली मैदानात सोळाशे वॅट देत असेल, तर वर चौदाशेच्या आसपास धरावे. आमच्या यादीला तेवढे पुरून उरत होते.

जनरेटर रात्रभर चालवण्याची गरज नसते. त्याच्या जोडीला इन्व्हर्टर असावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून बेताने वापरल्यास सुमारे १,००० वॅट-तास मिळतात. दिवे, फोन आणि वाफेचे यंत्र यांचा एका संध्याकाळचा खर्च तीनशेच्या आसपास. जनरेटर दिवसाकाठी दोन तास चालवला की बॅटरीत साधारण चारशे परत जमा होतात, आणि तेवढ्यात फ्रीजही थंड होऊन घेतो. पेट्रोल तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे दहा लिटरांत आठवडा निघतो. “मग छतावर सौर तावदाने का नाहीत?” असे शहरातले मित्र विचारतात. त्यांना एवढेच सांगतो की जुलैत तिथे कित्येक दिवस सूर्यदर्शनच होत नाही.

त्याला जागा कुठे?

इथवर सारे सुरळीत झाले. यंत्र घरी आले आणि मामा म्हणाले, “एवढं हजारोंचं यंत्र पावसात ठेवायचं? पडवीत ठेवू. झडी आहेतच आडोशाला.” कुणालाही पटावे असेच ते बोलणे होते. पण जोडणी करायला आलेल्या शेजारच्या गावच्या वायरमनने मान हलवली. “काका, झडी बांधली की पडवीची खोली होते. यंत्र तिथं लावलंत तर मी हात लावणार नाही.”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये, हे आपल्या आज्या सांगत आल्या. पेट्रोलचे इंजिन तोच विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, शेगडीहून कितीतरी अधिक प्रमाणात सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते, गारठ्याने होत असेल. तो पांघरूण ओढून घेतो आणि पुन्हा उठत नाही. महाबळेश्वरच्या घरात हा धोका दुणावतो, कारण पावसाळ्यात ते घर आपण हातांनीच बंद केलेले असते. जी झड पाऊस बाहेर ठेवते, तीच हा वायू आत कोंडते. खिडकी किलकिली ठेवून त्यातून सुटका नाही.

म्हणून जनरेटरला स्वतःचे छप्पर हवे. घरापासून किमान २० फूट दूर, फूटभर उंचीच्या दगडी जोत्यावर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. धुराचे तोंड घराकडे पाठ करून. महाबळेश्वरचा पावसाळी वारा पश्चिमेचा, तेव्हा शेड पूर्वेला बांधावी. पण घराच्या भिंतीला टेकून नव्हे, कारण भिंतीआड वारा घुटमळतो आणि धूर खिडकीतून आत शिरतो. घरात या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्रही बसवावे. त्याची किंमत जनरेटरच्या मानाने किरकोळ असते.

खांबावरचा माणूस

त्या वायरमनने दुसरी गोष्ट सांगितली ती मला अधिक लागली. कित्येक घरांत दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करतात आणि जनरेटरची वीज सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडतात. घर उजळते, पण ती वीज घरात थांबत नाही. मीटरमधून उलटी बाहेर पडून ती गावच्या डीपीपर्यंत जाते. एरवी ११,००० व्होल्टची वीज घरापुरती सौम्य करणारी तीच डीपी आता उलट काम करते आणि घरातल्या २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट होतात. “सर, तुम्ही घरात दिवा लावता तेव्हा आम्ही खांबावर असतो. लाइन बंद आहे असं समजून तारेला हात घालतो,” तो म्हणाला.

मामांनी विचारले, “मेन स्विच आधी बंद केला तर?”

“रोज आठवणीनं कराल काका. पण एखाद्या रात्री पाऊस असेल, घाई असेल, तुम्हाला धाप लागलेली असेल. त्या रात्री विसरलात तर?”

यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एकीकडे केला की घर बाहेरच्या लाइनला जोडले जाते, दुसरीकडे केला की जनरेटरला. दोन्हीकडे एकदम जोडणे त्यात शक्यच नसते. माणसाच्या स्मरणशक्तीवर कुणाचा जीव टांगून ठेवू नये, एवढेच त्या दांड्याचे तत्त्व. तो जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्यावा आणि जनरेटरला अर्थिंगही करून घ्यावे.

आता दिवाळीच्या अंकात ही पावसाळी कहाणी कशाला, असे वाचक विचारतील. तर जनरेटर बिघडतो तो पावसाळ्यात नव्हे, त्यानंतर. पावसाळा संपला की आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो, टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने शिळे होते, त्याचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो आणि पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो तरी यंत्र ढिम्म! तेव्हा याच दिवसांत टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे, तेल बदलावे. किंवा थोडे ताजे पेट्रोल घालून महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे दिव्यांचा भार देऊन ते चालवावे. पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, चूल आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवावे. आणि तापलेल्या इंजिनात ते कधीही ओतू नये.

यंदाच्या श्रावणात मामांकडे एकदा सलग तीन दिवस वीज नव्हती. वाफेचे यंत्र वेळेवर चालले. तिसऱ्या संध्याकाळी तोच वायरमन समोरच्या खांबावर चढलेला मामींना दिसला. त्यांनी मामांना हाक मारून आधी चेंजओव्हरचा दांडा पाहायला लावला आणि मगच चहाचे आधण ठेवले.