बोटे दुखतात म्हणून गिटार खुंटीला टांगायची?

पन्नाशी ओलांडली की हाताच्या तक्रारी सुरू होतात. सकाळी मूठ नीट वळत नाही, वजू करताना नळ घट्ट वाटतो, सजद्यातून उठताना तळहातावर भार देववत नाही. घरातले म्हणतात, "वय झाले." आपणही तेच म्हणून गप्प बसतो. पण ज्याची रोजीरोटी हाताच्या कामावर आहे, किंवा ज्याचा जीवच एखाद्या हुनरात अडकला आहे, त्याला गप्प बसणे परवडत नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: हे काम आता सोडायचे का?

माझ्या मामूंपुढे हा प्रश्न आला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. सोलापूर भागातल्या लग्नाच्या आणि जलशांच्या ऑर्केस्ट्रांत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ बेस गिटार वाजवली. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे सहसा जात नाही, पण ती थांबली की गाणे पोकळ वाटते. मामूंच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, मग बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर तार दाबली जाईना. त्यातच बऱ्याच पार्ट्यांनी बेसवाला ठेवणे बंद करून ते काम कीबोर्डवर सोपवायला सुरुवात केली होती. एक सीझन हातचा गेला असता तर पुन्हा बोलावणे येण्याची शक्यता कमीच. "हातां में जान नै रही, बेटी," एवढेच ते म्हणाले आणि गिटार कव्हरात घालून कपाटावर ठेवून दिली.

संगीताबद्दल आपल्या समाजात मते वेगवेगळी आहेत, याची जाणीव आहे. त्या चर्चेची ही जागा नाही. इथे विषय आहे तो दुखऱ्या हाताने काम चालू कसे ठेवावे याचा, आणि त्यातले बरेचसे शिलाई मशीनवर बसणाऱ्या किंवा जरीकाम करणाऱ्या हातांनाही लागू पडते.

आधी दुखणे ओळखा

हाताची सांधेदुखी एकाच प्रकारची नसते. झिजेचा संधिवात सहसा अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या टोकाकडच्या व मधल्या सांध्यांत दिसतो. तिथे टणक गाठी येतात, काम केले की दुखते, आराम केला की कमी होते. आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसचे, तसे नाही. त्यात मनगट आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजतात, बहुतेक दोन्ही हातांचे, आणि सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो. यात उशीर महागात पडतो, कारण सांध्याची झालेली हानी भरून येत नाही. औषधे वेळेवर सुरू झाली तर ती बरीच रोखता येते.

तिसरी शक्यता मधुमेहाची. साखर बरीच वर्षे वाढलेली असेल तर बोटे ताठरतात, एखादे बोट वाकल्यावर अडकते आणि झटक्याने सुटते. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबल्याची तपासणी करावी लागते. म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खाणे धोक्याचे आहे. जठर आणि मूत्रपिंड दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. बिनलेबलच्या पुड्यांपासूनही दूर राहावे, त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

आमवातात मेथोट्रेक्सेट हे औषध बऱ्याचदा दिले जाते. त्याचा डोस आठवड्यातून एकदाच असतो. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून घरातल्या सर्वांना तो वार ठाऊक असावा. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने न बदलता डॉक्टरांना विचारून सहेरी-इफ्तारशी जुळवून घ्याव्यात. प्रत्येक दुखण्यावर इलाज आहे आणि तो शोधावा, ही आपली दीनी शिकवणच आहे.

मामूंचा आजार झिजेचा निघाला. डॉक्टरांनी अंगठ्याला आधारपट्टा दिला, व्यायाम दाखवले, आणि विचारले, "वाजवताना जोर नेमका कुठे लागतो?" पुढचा मार्ग या प्रश्नातून निघाला.

जोर कुठे लागतो?

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्यात तारेची वाजती लांबी, म्हणजे नटपासून घोडीपर्यंतचे अंतर, ३४ इंच होते. तेच माप पुढे सर्वमान्य झाले. पण या मापात पडदे, म्हणजे फ्रेट, दूर दूर पडतात. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर अंतर असते. चार बोटे एवढी फाकवून जाड तार दाबायची आणि मागून अंगठ्याने मान चिमटीत धरायची, हा ताण नेमका दुखऱ्या अंगठ्यावर येतो.

शॉर्ट स्केल बेसची तार साधारण ३० इंचांची असते. त्यात तेच अंतर सुमारे साडेअकरा सेंटिमीटरवर येते. फरक दीड सेंटिमीटरचा, पण दुखऱ्या हाताला तो मोठा असतो. मानेचे टोकही अंगाजवळ येते, त्यामुळे खांदा आणि मनगट कमी ताणले जातात.

दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. तीच तार त्याच सुरात लावली तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ ऐवजी ३० इंच लांबी घेतली की ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. तार मऊ लागते आणि कमी जोराने दाबली जाते.

ही गिटार दुय्यम किंवा पोरांची, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. जर्मनीतील होफनर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराचा छोटा पोकळ बेस १९५० च्या दशकात आणला. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो विकत घेतला आणि बीटल्सची गाणी त्यावर वाजवली. गिब्सनचा ईबी-० हा बेस १९५९ चा, फेंडरचा मस्टँग बेस १९६६ चा, दोन्ही आखूड. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन हात लहान असल्यामुळे आखूड बेस पसंत करत.

माणसाप्रमाणे वाद्याचे माप बदलणे आपल्याकडेही नवे नाही. मिरजेचे सतारमेकर, जे मूळचे शिकलगार घराण्यांतले, पिढ्यान्‌पिढ्या पुरुषी तंबोरा मोठा आणि जनानी तंबोरा लहान करत आले आहेत. तिथे कारण गळ्याच्या पट्टीचे आहे, इथे हाताच्या सांध्याचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारागिरीला.

नवे घेण्यापूर्वी जुन्यावर करून पाहा

नवे वाद्य म्हणजे खर्च. तो करण्याआधी हाताशी असलेल्या गिटारवर काही बदल करता येतात.

पहिला बदल सेटअपचा. तारा पडद्यांपासून किती वर आहेत हे जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. मानेतील ट्रस रॉड, घोडी आणि नटच्या खाचा, तिन्ही पाहावे लागतात. नटच्या खाचा उंच असतील तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सर्वांत जास्त जोर लागतो. त्या बेताने खोल केल्या की हात हलका पडतो.

दुसरा बदल तारांचा. नेहमीचा संच ४५ ते १०५ मापाचा (इंचाचे हजारावे भाग) असतो. त्याऐवजी ४० ते ९५ किंवा १०० चा हलका संच लावता येतो. गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा बोटांना घासत नाहीत, पण त्यांतल्या काही जास्त ताणाच्या असतात. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा बहुतेक मऊ असतात. पाकिटावर ताणाचा आकडा दिलेला असल्यास तो पाहूनच घ्यावे.

तिसरा उपाय मामूंना सर्वांत जास्त आवडला. चारही तारा एक पूर्ण स्वर उतरवायच्या, म्हणजे ई, ए, डी, जी ऐवजी डी, जी, सी, एफ. मग दुसऱ्या पडद्यावर मजबूत कॅपो लावायचा. सूर पुन्हा मूळचे ई, ए, डी, जी होतात, पण वाजती तार उरते सुमारे ३०.३ इंचांची आणि ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी. म्हणजे एका कॅपोच्या खर्चात जुनी लांब गिटार आखूड होते. अडचण दोनच: मानेवरच्या खुणांचे ठिपके दोन घरे सरकल्यासारखे होतात, आणि साधा गिटारचा कॅपो जाड तारा नीट धरत नाही.

मामूंनी महिनाभर असा सराव केला. आखूड मापाचा उपयोग होतो याची खात्री पटल्यावरच त्यांनी जुना लांब बेस विकून वापरलेला शॉर्ट स्केल बेस घेतला.

घेताना काय पाहावे

वजन पाहावे. लांब बेस चार-साडेचार किलोचा सहज असतो. आखूड बहुधा त्याहून हलका. पण गळ्यात अडकवून हात सोडून पाहावा. मानेकडची बाजू खाली झुकत असेल तर ती सावरण्याचे काम डाव्या हाताला सतत करावे लागते, आणि ज्या अंगठ्याला वाचवायचे तोच पुन्हा कामाला लागतो. रुंद पट्टा आणि हलक्या खुंट्या यांनी हा झोल कमी होतो. शक्य तेव्हा बसून वाजवावे. तारा शॉर्ट स्केलच्या मापाच्याच घ्याव्यात.

हाताची सवय बदलणे

वाद्य बदलले तरी जुन्या सवयी राहिल्या तर दुखणे परतते. तार पडद्याच्या अगदी मागे, पण त्याला लागून दाबावी. तिथे सर्वांत कमी जोर पुरतो. एका पडद्याला एक बोट हा हट्ट सोडावा. उभा डबल बेस वाजवणारे खालच्या सुरांत पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात, तिसरे चौथ्याला साथ देते. तीच पद्धत इथे चालते. अंगठा मागे फक्त टेकलेला असावा, मनगट सरळ असावे. जिथे गाण्यात बसते तिथे मोकळी तार वाजवावी. आवाज वाढवण्याचे काम उजव्या हाताने न करता ॲम्प्लिफायरवर सोपवावे.

वाजवण्याआधी पाच-दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावेत. पंधरा-वीस मिनिटे वाजवून थोडे थांबावे. थांबल्यानंतर दोन तासांहून जास्त वेळ दुखत राहिले तर त्या दिवशी जास्त झाले असे समजून दुसऱ्या दिवशी वेळ कमी करावा. सांधा सुजलेला, गरम असेल तर विश्रांतीच घ्यावी.

किती साधले?

मामू पूर्वीसारखे रात्रभर वाजवत नाहीत. दोन तासांचा कार्यक्रम घेतात, मध्यंतराच्या अटीवर. वेगाच्या काही जागा त्यांनी सोप्या केल्या, काही गाणी सोडली. कमाई घटली, पण पार्टीत त्यांची जागा राहिली. मुमानींचे म्हणणे असे की पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते पुन्हा घरात बोलायला लागले.

फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना आयुष्याची शेवटची सुमारे पंचवीस वर्षे आमवात होता. बोटे वाकडी झाली, तेव्हा मदतनीस त्यांच्या हातात कुंचला देत आणि मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळून त्यांच्या पुढ्यात सरकवला जाई. १९१९ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते रंगवत राहिले.

आपल्या घरांतही असे हात आहेत. अम्मींची कात्री बोथट आणि जड असेल तर धार लावून किंवा हलकी घेऊन पाहा. सुरीच्या, लाटण्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. बारीक मूठ जास्त आवळावी लागते. तांब्याऐवजी कान असलेला मग द्या, फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवा, थंडीत वजूला कोमट पाणी ठेवा. सजद्यात तळहात दुखत असतील तर आजाऱ्याला दिलेली सवलत काय आहे ते आलिमांना विचारा. आणि घरातल्या कुणी आपली सुई, कुंचला किंवा वाद्य गुपचूप कपाटावर ठेवून दिले असेल, तर त्यांना आधी हेच विचारा: जोर नेमका कुठे लागतो?