वर्षाची पक्षियादी
१ जानेवारीला पक्षिनिरीक्षकाची वार्षिक यादी कोरी होते. कावळा, साळुंकीसुद्धा पुन्हा नव्याने नोंदवायच्या, आणि एक जात वर्षात एकदाच मोजायची. सुरुवातीला यादी भराभर वाढते, कारण धोबी, भोरड्या, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे अजून मुक्कामाला असतात. मग ती रेंगाळते. पावसाच्या तोंडावर चातक आला की आणखी एक ओळ वाढते.

२०१५ साली अमेरिकेच्या नोआ स्ट्रायकरने जगभर हिंडून ६,०४२ जाती पाहिल्या. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या आर्यान ड्वार्सहाउसने हा विक्रम मोडला. मला आकड्यापेक्षा तारीख मोलाची वाटते. चातक कधी आला, भोरड्या कधी गेल्या, हे वर्षानुवर्षे लिहिलेलं असेल तरच त्यांच्या वेळापत्रकातला बदल कळतो. म्हणून पक्ष्याच्या नावापुढे तारीख आणि ठिकाण जरूर लिहा.