अनेक अँटेनांची किमया

बिनतारी संदेशवहनात कंप्रतापट्टा हे मर्यादित भांडवल आहे. प्रक्षेपणाची शक्ती दुप्पट केली, तरी माहितीचा वेग दुप्पट होत नाही. त्याच भांडवलातून अधिक काम करून घेण्याचा मार्ग म्हणजे दोन्ही टोकांना एकाहून अधिक अँटेना वापरणे. या तंत्रास ‘मायमो’ म्हणतात.

राउटरमधून निघालेल्या लहरी भिंती, छत, कपाटे यांवरून परावर्तित होत निरनिराळ्या वाटांनी भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचतात. पूर्वी हे परावर्तन उपद्रव मानले जाई. मायमोने त्यालाच साधन बनवले. राउटरच्या दोन अँटेना एकाच कंप्रतेवर, एकाच वेळी दोन स्वतंत्र संदेश पाठवतात. ग्रहण करणाऱ्या प्रत्येक अँटेनेकडे दोहोंचे मिश्रण येते; मात्र प्रत्येक मिश्रणातील प्रमाण वेगळे असते.

त्यांची उकल किराणा दुकानातील बिलांसारखी होते. दोन किलो तांदूळ व एक किलो साखर मिळून १४० रुपये, तर प्रत्येकी एक किलोचे ९० रुपये, एवढे ठाऊक असले की तांदूळ ५० आणि साखर ४० रुपये किलो हे निश्चित होते. दुसरे बिल पहिल्याच्या नेमके दुप्पट असते, तर मात्र नवे काहीच कळले नसते. म्हणूनच वाटा भिन्न असणे आवश्यक ठरते. प्रमाण ओळखण्यासाठी आरंभी ठराविक परिचित संकेत पाठवले जातात.

भारतीय नौदलात सोनार यंत्रणेवर कार्य केलेले आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले थॉमस कैलाथ यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९९४ साली मिळाले. २००९ मध्ये मान्य झालेल्या ‘८०२.११एन’ या वाय-फाय मानकात चार प्रवाहांद्वारे सेकंदाला ६०० मेगाबिटपर्यंतचा वेग शक्य झाला.

ग्राहकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एकाच उपकरणाशी साधता येणाऱ्या प्रवाहांची संख्या कमी अँटेना असलेल्या बाजूवरून ठरते. चार अँटेनांचा राउटर घेतला, तरी एका अँटेनेच्या भ्रमणध्वनीस एकच प्रवाह मिळतो. तथापि, तोच संदेश अनेक वाटांनी आल्याने जोडणी अधिक भरवशाची होते, हा लाभ उरतोच. आर्थिक व्यवहार करताना मात्र वेगवान जोडणी म्हणजे सुरक्षित जोडणी नव्हे, याचे भान राखावे. पासवर्डची गुप्तता अँटेनांवर नव्हे, ग्राहकाच्या दक्षतेवर अवलंबून असते.