ओळंबा, टेप आणि गुडघ्याची वाटी

बोपदेव घाट चढून सासवडला पोचेपर्यंत माझा उजवा गुडघा पुढून, अगदी वाटीच्या कडेला, ठणकायला लागायचा. वय झालं, आता घाट बंद कर, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दोष निघाला सायकलच्या सीटचा. सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, तसाच दुमडलेला असताना जोर लावावा लागतो आणि सगळा भार वाटीवर येतो. सीट फार उंच असेल तर गुडघा मागून ओढला जातो. दुखतं कुठे, यावरून अर्धं निदान होतं.

एका रविवारी रोड बाइक हॉलमध्ये घेतली. आधी पायाचं माप. अनवाणी, पाठ भिंतीला टेकून उभं राहायचं. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरायचं, सीटवर बसल्यावर लागतं तेवढं घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. माझं माप ८१ सेंटीमीटर भरलं. १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमॉन्डच्या नावाने एक हिशेब सायकलवाल्यांत चालतो : या मापाला ०.८८३ ने गुणायचं. उत्तर आलं ७१.५. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. टेप लावली, तर ७०!

दीड सेंटीमीटर एकदम वाढवला नाही. जुन्या उंचीवर सीटपोस्टला चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकलं तर परतता येतं. मग दर रविवारी पाच मिलिमीटर. बोल्ट सैल केला, पोस्ट पुसून ग्रीसचं बोट फिरवलं (कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस चालत नाही), सीटचं नाक सरळ रेषेत आणून बोल्ट आवळला. पोस्टवर कोरलेली कमाल उंचीची रेघ नळीच्या आतच राहिली पाहिजे. यात तडजोड नको.

तिसऱ्या रविवारी मुलगी मागून मोबाइल धरून उभी राहिली आणि मी सायकल ट्रेनरवर, जागच्या जागी, चालवली. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्तच वर गेली असं समजायचं. माझी स्थिर होती.

मग गवंड्याकडून आणलेला ओळंबा. क्रँक आडवा ठेवला, पुढच्या पायाच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दोरी सोडली. ती पेडलच्या आसावर पडायला हवी, पडली चार मिलिमीटर मागे. कारण साधं आहे. सीटची नळी तिरकी असते, त्यामुळे सीट वर गेली की थोडी मागेही जाते. तेवढीच पुढे सरकवली. ओळंब्याचा नियम काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात करायला चांगला. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढायची चूक मात्र करू नका. त्यासाठी हँडल धरणारा स्टेम बदलतात.

एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा, दोन-तीन राइड होऊ द्या. तुमचा गुडघा पुढून ठणकत असेल, तर घाट सोडायच्या आधी एकदा टेप काढा. उंची नीट करूनही दुखणं थांबलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.