फायबरच्या होडीला रंग मारताय? आधी मोबाईलचा टॉर्च लावा

नाते गाव महाड-रायगड रस्त्यावर. समुद्र लांब, मग इथे होडी कशाला? २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती, ते आठवा. त्यानंतर आम्ही चार मित्रांनी एक जुनी फायबरची होडी घेतली. मे महिन्यात तिला झकास निळा ऑइल पेंट मारला आणि जुलैत तळाला फोड आले, पापुद्रे निघाले. चूक आमचीच. तडा आम्ही बुजवला नव्हता, नुसता झाकला होता.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवलेले थर, आणि बाहेरून चकचकीत जेलकोट. जेलकोट फुटून तडा खालच्या मॅटपर्यंत गेला, की वात तेल ओढते तसं पाणी धाग्याधाग्यातून आत झिरपतं. होडी लगेच बुडत नाही. जड होते, तळ आतून मऊ पडतो. आणि हे कळतं कधी, तर पुरात माणसं आत बसल्यावर.

म्हणून तपासणी रात्री करा. मोबाईलचा टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. बारीक तड्याचीही सावली पडते. फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तडा वाढलाय का ते समजतं. मग नाण्याने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटलेत. ओल पाहायची असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर थांबा. ओल्या फायबरवर रेझिन नीट धरत नाही, त्यामुळे हे काम पावसाआधीच.

तडा नुसता भरू नका, घासून उतरता करा. तळ ४ मिलिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटिमीटर उतार हवा. जोड टिकतो तो या पसरट जागेमुळे. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेची धूळ दिवसभर खाजवते. अॅसिटोनने पुसून मॅटचे थर लावा आणि ब्रशने दाबून हवा काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात पॉलिएस्टर रेझिनसोबत बऱ्याचदा दोन बाटल्या मिळतात : कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन थेट एकमेकांत कधीच ओतू नका, भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. मेच्या दुपारी जास्त टाकलात तर रेझिन डब्यातच दगड होतं. आमचा एक डबा असाच गेला.

रंग सगळ्यात शेवटी. खाडीत कायम उभ्या होड्यांच्या तळाला तांब्याचा विषारी रंग देतात, म्हणजे शिंपले चिकटत नाहीत. पूर्वी त्यात कथिलाचं संयुगही असायचं. सागरी जीवांवर परिणाम झाल्याने २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यावर बंदी आहे. आमची होडी वर्षभर शेडमध्ये उपडी असते, तिला हे विष कशाला? इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात पॉलियुरेथेन रंग, बास.

रंग वाळल्यावर आम्ही गांधारी नदीत शांत पाण्यात होडी उतरवली, आत दगड भरले आणि तासभर बसून राहिलो. जोडावरून बोट फिरवलं, कोरडं होतं.